डबे वेचणाऱ्यांची वही

क्लिफर्ड हॉस्किन यांना इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळात सगळे जावईबापू म्हणतात. वय वर्षं शहाऐंशी. दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना कोटाच्या वरच्या खिशात स्वतःचा स्टीलचा चमचा घालून येतात, कारण मंडळाच्या लाकडी चमच्यांनी श्रीखंडाची चव बिघडते असं त्यांचं मत आहे. मराठी ते बायकोकडून शिकले, त्यामुळे "मी येते", "मी जेवले" असंच बोलतात. इथे जन्मलेली मुलं हसली की म्हणतात, "हसू नको. माझा टीचर बाई होती."

त्या टीचर म्हणजे सुमनताई. माहेरच्या दिवेकर, पुण्याच्या. १९६३ साली नर्स म्हणून त्या मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात आल्या. क्लिफ तेव्हा हॉस्पिटलांची ब्लड प्रेशरची यंत्रं दुरुस्त करत फिरायचे. ताईंनी त्यांना सांगितलं की या वॉर्डातलं यंत्र प्रत्येक पेशंटला दहाने जास्त दाखवतं. क्लिफनी यंत्र खोलून तपासलं आणि म्हणाले, दहाने नाही, आठने. हा वाद त्यांच्या घरात अजून मिटलेला नाही. १९६६ साली लग्न झालं. ताईंच्या वडिलांनी पुढची अकरा वर्षं त्यांना पत्र पाठवलं नाही. नंतर दोघं लंडनजवळ ब्रॅकनेलला आले, क्लिफ एका यंत्रांच्या कंपनीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले. एक मुलगी आहे, अनुया. ती मँचेस्टरला शाळेत शिकवते.

मी विष्णू निमकर. साताऱ्याचा, बी.कॉम. झालेला. येत्या ऑगस्टमध्ये रिटायर होईन. स्लाऊच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं नोकरी करतो. दुसऱ्यांची जुनी कागदपत्रं खोक्यांत भरून सांभाळणं हा आमचा धंदा. कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे, त्यात काय आहे, ते किती वर्षं ठेवायचं आणि कधी नष्ट करायचं, याच्या याद्या मी करतो. मंडळात कोणाचाही फॉर्म अडला की तो माझ्याकडे येतो. पासपोर्ट, व्हिसा, कौन्सिलची पत्रं, सगळं. लोक म्हणतात, विष्णूकडे दिलं की नीट होतं. मला ते ऐकायला आवडायचं.

क्लिफबद्दल लिहायचं तर त्यांच्या आयुष्यातले दोन महिने मधोमध ठेवावे लागतात. १९५७ साली ते एकोणीस वर्षांचे होते आणि सक्तीच्या लष्करी नोकरीत होते. स्टॉकपोर्टच्या एका टोप्यांच्या कारखान्यातल्या मजुराचा मुलगा. पंधराव्या वर्षापासून वजनकाटे आणि प्रेशरचे गेज दुरुस्त करायला शिकलेला. म्हणून त्याला निवडलं आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पाठवलं. तिथे ब्रिटन अणुबॉम्बच्या चाचण्या करत होतं. तिथे काय पाहिलं ते बोलायचं नाही, अशा कागदावर सही घेतली होती. ती सही क्लिफनी साठाहून जास्त वर्षं पाळली. ताईंना एवढंच ठाऊक होतं की नवऱ्याने तरुणपणी वाळवंटात डबे गोळा केले. त्या मंडळात गमतीने सांगायच्या, "आमचे हे लग्नाआधी भंगारवाले होते."

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ताईंनी मला घरी बोलावलं आणि टेबलावर कागदांची पिशवी उपडी केली. क्लिफना रक्ताचा कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांनी वर्षभराचा अंदाज दिला होता. अनुयाच्या आग्रहावरून त्यांनी अर्ज केला होता, की हा आजार त्या नोकरीशी संबंधित आहे का हे सरकारने तपासावं. अर्ज नामंजूर झाला होता. कारण एका वाक्यात दिलं होतं. नोंदींनुसार श्री. हॉस्किन यांची नेमणूक तळावरच्या भांडारात होती, चाचणीच्या जागेच्या पुढच्या भागात ते गेल्याची नोंद सापडत नाही.

क्लिफ खिडकीशी बसले होते. मला म्हणाले, "विष्णू, ते म्हणतात मी ब्लँकेट मोजत होते. म्हणजे मी खोटी आहे."

आजाराबद्दलची सरकारी पेन्शन मिळाली तर ठीक, नाही तरी त्यांचं अडणार नव्हतं. आजाराचं कारण कोणी खात्रीने सांगू शकणार नाही हे त्यांना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि ते त्यांनी मान्य केलं होतं. त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपण तिथे होतो हे आपण जिवंत असताना कोणीतरी कागदावर लिहून द्यावं. अपील करायला मुदत होती. ते काम मी घेतलं.

त्या दिवशी क्लिफनी मला ते डबे समजावून सांगितले. बॉम्ब फुटला की हवेतून दाबाची एक लाट सुटते. ती किती अंतरावर किती जोराची आहे हे मोजायला विजेवर चालणारी महागडी यंत्रं होतीच, पण ऐन वेळी ती बंद पडतात. डबा बंद पडत नाही. म्हणून पत्र्याचे रिकामे डबे, झाकणं घट्ट लावून, वेगवेगळ्या अंतरांवर रांगांनी मांडत. लाट आली की डबे चेपायचे. जवळचा जास्त, लांबचा कमी. नंतर क्लिफसारखी मुलं ट्रकमधून जाऊन डबे वेचून आणत. प्रत्येक डब्यात मोजपात्राने पाणी भरायचं. मूळ डब्यात किती पाणी मावत होतं ते माहीत असे. आता जेवढं कमी मावलं तेवढा डबा चेपला, आणि तेवढ्यावरून तक्त्यात बघून दाब काढायचा. क्लिफ डबे वेचायलाही गेले आणि पाणी भरायलाही बसले. हातमोजे दिले होते. पण धूळ बसलेली झाकणं हातमोज्यांनी फिरत नसत, म्हणून ते काढून ठेवत.

"आणि नोंद?" मी विचारलं.

ती वहीत होत असे, ते म्हणाले. कुठला डबा कोणी उचलला, किती वाजता, ते जागेवरच लिहायचं. तिथल्या शास्त्रज्ञाने सक्तीच केली होती. कोणी डबा हातातून पाडला तर त्याला वेगळा पोचा येणार आणि आकडा चुकणार. मग शिव्या कोणाला द्यायच्या हे माहीत हवं.

"तुम्ही पाडलात कधी?"

"दोन," क्लिफ म्हणाले. "शिवी एकच मिळाली. दुसरा मी सांगितला नाही."

ताई म्हणाल्या, "साठ वर्षं मला सांगितलं नाहीस, आणि विष्णूला पाच मिनिटांत सांगतोस."

ती वही मिळाली तर काम झालं, हे उघड होतं. चाचण्यांचे मोजणीचे कागद आता ज्या संस्थेकडे असतात तिला मी पत्र लिहिलं. क्लिफच्या वतीने, उत्तरासाठी माझा पत्ता देऊन. नोव्हेंबरच्या शेवटी उत्तर आलं. पत्र दोन पानांचं, सोबत एका टाइप केलेल्या तक्त्याची प्रत. तक्त्यात डब्याचा नंबर, अंतर, मावलेलं पाणी, काढलेला दाब. नाव एकही नाही. पहिल्या पानावर तक्त्याची माहिती होती. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, की हा तक्ता ज्या चौदा वह्यांवरून केला त्यांत डबे वेचणाऱ्यांची नावं आणि वेळा होत्या असं जुन्या सूचीवरून दिसतं. परंतु त्या वह्या, कागद सांभाळणाऱ्या कंत्राटदाराच्या शिफारशीवरून, २०११ साली नक्कल म्हणून नष्ट करण्यात आल्या. खाली शिफारशीच्या यादीचा क्रमांक होता.

कंत्राटदाराचं नाव पत्रात नव्हतं. पण क्रमांक वाचायला मला दोनदा बघावं लागलं नाही. आधी साल, मग गिऱ्हाइकाचं अक्षर, मग खोक्याचा नंबर, मग आडवी रेघ आणि अनुक्रम. क्रमांक द्यायची ही पद्धत आमच्या कंपनीत मी सुरू केली. त्याबद्दल मला एकदा प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

तो क्रमांक पाहिल्यावर २०११चं ते काम मला आठवलं. त्या गिऱ्हाइकाला जागा कमी करायची होती. तीनशेच्या वर खोकी. प्रत्येक वस्तूपुढे ठेवा किंवा टाका लिहायचं, आणि टाका लिहिलं तर कारण. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पक्की वही तयार झाली, बेरजा जुळल्या, की कच्च्या वहीचं काम संपलं. मी तोच नियम लावला. जिथे टाइप केलेला तक्ता आहे तिथे त्याच्या मागची हाताने लिहिलेली वही ही नक्कल. चौदा वह्यांपैकी मी एक उघडली होती. तपकिरी पुठ्ठा, कापडी पाठ, आत पेन्सिलीने लिहिलेलं. आकडे तक्त्यातल्या आकड्यांशी ताडून पाहिले, तीन ओळी. जुळले. डावीकडे एक अरुंद रकाना होता, त्यात नावं होती. ती नावं आहेत हे मला दिसलं. ती मी वाचली नाहीत, कारण तक्त्यात तो रकाना नव्हता आणि मी तक्त्याप्रमाणे तपासत होतो. वहीतून टेबलावर लालसर धूळ पडली, ती मी टिश्यूने पुसली. उरलेल्या तेरा वह्यांपुढे "तपासले" असं लिहून खाली सही केली. गिऱ्हाइकाने माझ्या सहीवर विश्वास ठेवून सही केली.

पत्र आलं त्या दिवशी मी काय केलं ते लिहितो. पहिलं पान आणि तक्ता क्लिफच्या फाइलमध्ये लावला. दुसरं पान माझ्या टेबलाच्या खणात, घराच्या विम्याच्या पाकिटात ठेवलं. मंजिरीला, माझ्या बायकोलाही, सांगितलं नाही. ताईंना फोन करून म्हणालो की तक्ता मिळालाय, नावं नाहीत, वह्यांचं काही कळत नाही. "कळत नाही" हे शब्द मी वापरले. ताई म्हणाल्या, "तू एवढं केलंस, फार झालं रे."

सात आठवडे मी त्यांच्याकडे दर रविवारी जात राहिलो. मनाशी म्हणायचो की वह्या तर गेल्याच आहेत, सांगून परत येणार नाहीत, आजारी माणसाला उगाच त्रास कशाला. हे सगळं मी क्लिफची काळजी म्हणून बोलतोय असं मला वाटत असे. खरं असं होतं की माझ्या रिटायरमेंटला सात-आठ महिने उरले होते आणि सत्तावीस वर्षांत माझ्या कामात कोणी चूक दाखवली नव्हती. नोकरी तशीच संपावी एवढंच मला हवं होतं.

ताई मला दर वेळी डबा भरून देत. एकदा साबुदाण्याची खिचडी, एकदा कोबीच्या वड्या. मी घेत होतो.

जानेवारीत अपिलाच्या सुनावणीची तारीख आली, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. फाइल पाठवण्याआधी ताई आणि क्लिफ दोघांनी ती एकदा पूर्ण पाहावी म्हणून मी त्यांच्याकडे घेऊन गेलो. मी प्रत्येक पानाला नंबर दिला होता, पुढे अनुक्रमणिका लावली होती. क्लिफ चष्मा लावून एकेक पान बोटाने खाली सरकत वाचत होते. ताई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

एका पानाशी ताईंचं बोट थांबलं. "हे त्या संस्थेचं पत्र ना?"

"हो."

"खाली लिहिलंय दोनपैकी एक." त्यांनी पुढचं पान उलटलं, मागे आल्या. "दुसरं कुठंय?"

फाइल लावताना ते "दोनपैकी एक" मला दिसलं होतं. खोडायचा पांढरा रंग माझ्या टेबलावरच असतो. तो लावणं मात्र मला जमलं नव्हतं. दुसऱ्याच्या कागदावर खाडाखोड मी कधी केली नाही. कागद लपवला, आणि खाडाखोड मात्र केली नाही. माझा काटेकोरपणा एवढाच.

"राहिलं असेल," मी म्हणालो.

"तुझ्याकडून?" ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजून चेष्टाच होती. "तू तर बसचं तिकीटसुद्धा तारीखवार लावतोस. मी नर्स होते, विष्णू. चार्टचं दुसरं पान नसेल तर पेशंटला औषध द्यायचं नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. कुठंय?"

"घरी आहे."

"का?"

मग मी सांगितलं. उभ्यानेच. दुसऱ्या पानावर काय आहे, यादीचा क्रमांक, तो माझा कसा, तीन ओळी ताडल्या, तेरा वह्या उघडल्या नाहीत. पत्र कधी आलं तेही सांगितलं. ते सांगताना मात्र माझी नजर टेबलावरच्या मिठाच्या बाटलीवर होती.

ताई खुर्चीत बसल्या. क्लिफना मराठीतलं सगळं समजलं की नाही अशी मला शंका होती, म्हणून इंग्रजीत परत सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. समजलं होतं.

मग क्लिफनी विचारलं, "वही कसा होता?"

मी सांगितलं. तपकिरी पुठ्ठा, कापडी पाठ, पेन्सिल.

"पेन्सिल. हो." ते मान हलवत राहिले. "तिथे पेनची शाई वाळायची." मग इंग्रजीतच, हळू, हिशेब केल्यासारखे म्हणाले, की म्हणजे ती वही चौपन्न वर्षं होती. आणि परत मराठीत, "म्हणजे २०११पर्यंत मी तिथे होते."

त्यांनी मला शिवी दिली असती तर मी उभा राहू शकलो असतो. मी बसलो.

ताई म्हणाल्या, "सात आठवडे. माझ्या हातचं खात होतास."

"ताई..."

"नको बोलूस आता. जा."

मी फाइल तिथेच ठेवून निघालो. गाडीत बसून राहिलो. साठ-बासष्ट वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती असं नाही, पण प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाचा तरी दोष निघत असे. या वेळी शोधूनही निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. आवाज वॉर्डात बोलत असाव्यात तसा होता. "ते पान घेऊन ये. आणि तू काय केलंस ते लिहून दे, सुनावणीसाठी. फॉर्म भरल्यासारखं लिहू नकोस. जसं काल बोललास तसं लिही."

कंपनीची परवानगी लागणार होती. माझा वरिष्ठ नकुल माझ्या मुलाच्या वयाचा आहे. त्याने मला बसायला सांगितलं आणि दार लावून म्हणाला, "काका, ऑगस्टपर्यंत गप्प राहिलात तर कोणी विचारणार नाही." त्याच्या मनात माझं भलंच होतं. मी त्याला म्हटलं की विचारायचं त्यांनी विचारून झालंय. कंपनीच्या वकिलाने माझं निवेदन तीन वेळा वाचलं आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच बोलायची अट घालून परवानगी दिली. घरी आल्यावर मंजिरीला सांगितलं. ती म्हणाली, "मला तरी सांगायचंस." 

सुनावणी व्हिडिओवर झाली, ताईंच्या जेवणाच्या टेबलाशी. समोर लॅपटॉपवर तिघंजण, मधल्या बाई अध्यक्ष. अनुया मँचेस्टरहून आली होती. ती माझ्याशी बोलली नाही. क्लिफनी टाय लावला होता, गळा बारीक झाल्यामुळे कॉलर सैल दिसत होती.

त्यांना पाऊण तास प्रश्न विचारले. एका सदस्याने विचारलं, तुम्ही डब्यांचं काम प्रत्यक्ष केलंत की दुसऱ्यांकडून ऐकलंत, हे आम्ही कसं ओळखायचं? क्लिफ मग म्हणाले, हातातून पडलेल्या डब्याला पोचा एका कोपऱ्यात येतो आणि पत्र्याला तिथे धार येते. लाटेने चेपलेल्या डब्याच्या सपाट बाजू एकदम आत जातात आणि कडा शाबूत राहतात. पडलेला आणि चेपलेला असे दोन डबे समोर आणा, मी डोळे मिटून बोटांनी सांगेन. झाकण उघडताना आतल्या हवेचा आवाज येतो तो कसा, तेही त्यांनी सांगितलं. सदस्याने काहीतरी लिहून घेतलं.

मग मी. मी निवेदन वाचलं. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "श्री. निमकर, तुम्ही एक वही उघडलीत. नावांचा रकाना पाहिलात. त्या रकान्यात हॉस्किन हे नाव होतं का?"

तो प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रात्रभर मी त्यावरच विचार करत होतो. मी "हो" म्हटलं असतं तर तपासायला जगात काहीही उरलेलं नव्हतं. ते मीच नष्ट केलं होतं. एका शब्दात माझं ओझं उतरलं असतं आणि क्लिफचं कामही झालं असतं. ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना काय हवं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आजही सांगता येत नाही.

"मी नावं वाचली नाहीत," मी म्हणालो.

"नावं आहेत हे दिसलं, पण वाचली नाहीत?"

"नाही."

"मग ती नक्कल आहे असं कशावरून लिहिलंत?"

"आकडे जुळले म्हणून."

लॅपटॉप बंद केल्यावर अनुया उठून बागेत गेली. क्लिफ टाय सोडत होते. मी निघताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, पण तो आधारासाठी होता की आणखी कशासाठी, हे मी स्वतःला विचारू दिलं नाही.

मार्चच्या शेवटी निर्णय आला. तोपर्यंत क्लिफ चालायचे बंद झाले होते, पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग आणला होता. ताईंनी मला बोलावलं. सुनावणीनंतर पहिल्यांदाच. दारात म्हणाल्या, "चपला काढ, आत ये," आणि सहा पानांचं पत्र हातात दिलं. "वाच. मराठीत."

मी म्हणालो, "ताई, तुम्ही वाचलं असेल ना."

"काल वाचलं. चाळीस वर्षं इथल्या डॉक्टरांचं अक्षर वाचलंय मी, मला इंग्रजी येतं. तुझ्या तोंडून ऐकायचंय. त्यालाही."

मी पलंगाजवळच्या खुर्चीवर बसलो. क्लिफचे डोळे मिटलेले होते, पण ते जागे होते. मी एकेक वाक्य मनात मराठी करून वाचू लागलो. आजाराच्या कारणाचा प्रश्न पुन्हा वैद्यकीय तपासणीकडे पाठवला होता. त्याला वेळ लागणार होता. तो वेळ क्लिफकडे नाही, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. मग एकोणिसावा परिच्छेद आला. मी थांबलो.

"थांबू नकोस," ताई म्हणाल्या.

"'या मुद्द्यावर निर्णायक ठरली असती अशी वही अस्तित्वात होती, हे आम्ही मान्य करतो. ज्या कर्मचाऱ्याने ती नष्ट करण्याची शिफारस केली त्याने ती वाचली नव्हती. तिच्या नसण्याचा तोटा अपिलकर्त्याने सोसावा, हे न्याय्य होणार नाही.'"

क्लिफनी डोळे न उघडता विचारलं, "नाव लिहिलंय? त्या कर्मचारीचा?"

"नाही लिहिलंय," ताई म्हणाल्या.

"विष्णू निमकर," मी म्हणालो. त्या खोलीत ते कोणाला नवीन नव्हतं.

"पुढे," क्लिफ म्हणाले.

"'श्री. हॉस्किन यांची साक्ष आम्ही खरी मानतो. १९५७ साली चाचणीनंतर पुढच्या भागात जाऊन डबे गोळा करणाऱ्या आणि मोजणाऱ्या तुकडीत ते होते.'"

"होते," क्लिफ म्हणाले.

ताईंनी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते परत वाच. एकोणिसावंसुद्धा. दोन्ही."

मी दोन्ही परत वाचली.